डोक्यातून वीज कशी वाहते?

डोक्यावर दोन विद्युदग्रे ठेवून १ मिलिअँपिअर प्रवाह सोडला, तर तो सारा मेंदूतून जाईल काय? नाही. समांतर जोडणीचा नियम आठवा : ज्या वाटेचा रोध कमी, त्या वाटेने प्रवाह अधिक.

हे गणित करण्यासाठी एमआरआय चित्रांवरून संगणकात डोक्याची प्रतिकृती रचतात. तिचे लाखो बारीक तुकडे पाडून प्रत्येकाला विशिष्ट वाहकता देतात. सामान्यतः त्वचेची ०.४६५, कवटीची ०.०१ आणि मेंदूभोवतीच्या द्रवाची १.६५ सीमेन्स प्रति मीटर धरतात. साहजिकच बराचसा प्रवाह त्वचेतूनच परततो. आत शिरलेलाही द्रवातून पसरतो.

कवटीची जाडी प्रत्येकाची निराळी. म्हणून बाहेरचा प्रवाह तोच असला, तरी मेंदूच्या वाट्याला सारखा येत नाही. हा प्रयोग स्वतःवर मात्र मुळीच करू नका!