पिशवीतली दोन वजने



ऑगस्ट महिना संपत आला की कंधमालच्या आपल्या बांधवांची आठवण होते. त्यांच्यासाठी रविवारच्या मिस्सामध्ये श्रद्धावंतांची एक प्रार्थना ठेवावी, असे गेल्या वर्षी आमच्या बैठकीत ठरत होते. तेवढ्यात मुंबईहून येऊन पनवेलला स्थायिक झालेल्या एका वयस्क भगिनीने विचारले, ‘‘फादर, ९३ च्या जानेवारीत आमच्या शेजारची खोली जाळली. ती माणसं परत आलीच नाहीत. त्यांच्यासाठी आपण कधी प्रार्थना केली का हो?’’

कुणी काही बोलले नाही. आम्हालाही उत्तर सुचले नाही. आजचा पाठ त्या राहून गेलेल्या उत्तरासाठी आहे.

न्याय म्हणजे काय?

न्यायाची जुनी व्याख्या अगदी साधी आहे: ज्याचे जे आहे ते त्याला देणे. संत थॉमस अक्वायनस यांनी या व्याख्येच्या विरुद्ध उभे राहणारे एक पाप दाखवून दिले आहे. ते म्हणजे माणसाचे तोंड पाहून न्याय करणे. आपल्या मराठीत त्यालाच ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ असे म्हणतात.

पवित्र शास्त्रात, अनुवादाच्या २५ व्या अध्यायात, पिशवीत जड आणि हलके अशी दोन वजने बाळगू नयेत, अशी आज्ञा आहे. घेताना एक, देताना दुसरे, हे देवाला चालत नाही. बाजारात मापात मारणारा दुकानदार आपल्या लगेच लक्षात येतो. परंतु रक्त मोजतानाही माणसे दोन वजने वापरतात आणि ते मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

संदेष्टा आमोस याचा धडा

आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ. त्याच्या ग्रंथाचे पहिले दोन अध्याय आज घरी अवश्य वाचावेत. त्यात तो एकेका राष्ट्राचे नाव घेऊन त्याचे अत्याचार सांगतो. दमास्कसने गिलादच्या लोकांना लोखंडी अवजारांखाली मळून काढले. गाझाने पूर्ण वस्त्याच्या वस्त्या गुलाम म्हणून विकल्या. अम्मोनने आपली सीमा वाढवण्यासाठी गरोदर स्त्रियांनाही सोडले नाही. ऐकणारे इस्राएली लोक मनात खूश होत असतील. शत्रूंची चांगली हजेरी घेतली जात होती!

पण एक गोष्ट नीट पाहा. मवाबचा दोष काय? त्याने अदोमच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला. यात मारणारा इस्राएली नाही आणि ज्याची विटंबना झाली तोही इस्राएली नाही. शिवाय त्याच अदोमला आमोसने नुकतेच दोषी ठरवलेले आहे. तरीही अदोमवर झालेला अत्याचार देवाच्या वहीत नोंदला जातो. बळी पडलेला आपला आहे का, तो सज्जन होता का, हे तेथे विचारले जात नाही. आणि शेवटी तेच बोट यहूदाकडे आणि खुद्द इस्राएलकडे वळते.

मुंबईची दोन वजने

आता आपल्या घराजवळ येऊ. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर डिसेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली झाल्या. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या चौकशी आयोगाने मृतांची मोजदाद केली: एकूण ९००. त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ अनोळखी आणि ५ इतर. त्या ४५ जणांचा धर्मदेखील कुणाला सांगता आला नाही. पण प्रत्येकाला जन्म देणारी एक आई होती.

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. २५७ जण मरण पावले. त्यासाठीची काही स्फोटके आपल्याच रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरवली गेली होती. ती जाऊ देणाऱ्या कस्टम्सच्या व पोलीस खात्यातल्या काही माणसांनाही पुढे शिक्षा झाली. म्हणजे हा विषय दूर मुंबईचाच आहे, असे आपल्याला म्हणता येत नाही.

आता तराजू पाहू. स्फोटांसाठी विशेष न्यायालय बसले. २००६ व २००७ मध्ये त्याने १०० जणांना दोषी ठरवले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि २०१५ मध्ये एकाला फाशी झाली. दंगलींचे काय? श्रीकृष्ण आयोग १९९६ च्या जानेवारीत सरकारने गुंडाळला आणि काही महिन्यांनी पुन्हा जिवंत केला. त्याचा अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये सादर झाला. त्यात ३१ पोलिसांवर ठपका होता. आयोगाचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. पुढे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच खटल्यांत शिक्षा झाल्या. जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत जाळून मारलेल्या हिंदू कुटुंबाच्या खटल्यातही शिक्षा झालेले आरोपी १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून सुटले. म्हणजे दंगलीत मेलेला हिंदू असो वा मुसलमान, त्याच्या घरच्यांच्या ओंजळीत फारसे काही पडले नाही.

४ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने या दंगलींविषयी निकाल दिला. लोकांचे रक्षण करण्यात राज्य कमी पडले, असे न्यायालयाने नोंदवले. १६८ जण बेपत्ता होते, पण केवळ ६० जणांच्या कुटुंबांना भरपाई मिळाली होती. उरलेल्या १०८ कुटुंबांचा शोध घ्यावा आणि आरोपी सापडत नाहीत म्हणून बाजूला पडलेले ९७ खटले पुन्हा हलवावेत, असे आदेश दिले गेले. त्या भगिनीच्या शेजारची माणसे या १६८ मध्ये असतील का? आम्हाला ठाऊक नाही. तिलाही नाही.

कुणी म्हणेल, ‘‘फादर, स्फोटवाल्यांना शिक्षा झाली, हे काय वाईट झाले?’’ मुळीच नाही. स्फोटांत मेलेल्यांच्या कुटुंबांना जे मिळाले, तो त्यांचा हक्कच होता. एका पारड्यातले काढून घ्या, असे आमचे म्हणणे नाही. दुसरे पारडे रिकामे का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

जगाचा तराजू

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्ग आणि टोकियो येथे खटले चालले. लाखो निरपराध्यांना मारणाऱ्यांना प्रथमच आंतरराष्ट्रीय न्यायासनापुढे उभे केले गेले. पनवेलकरांना यहुदी बांधव परके नाहीत. बेने इस्राएलींचे बेथ एल सिनेगॉग आपल्या गावात आहे. त्या समाजाच्या युरोपातील भावंडांवर झालेल्या संहाराची जगाने दखल घेतली, हे मोठेच काम झाले. पण टोकियोच्या न्यायासनावरील भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल यांनी आपल्या वेगळ्या निकालात विचारले, की जेत्यांनी केवळ हरलेल्यांचाच न्याय करायचा का? अणुबॉम्ब टाकणाऱ्यांचा हिशेब कुणी मागायचा? प्रश्न रास्त होता. मात्र तराजू खोटा निघाला म्हणून तो फेकून देऊ नये, तो दुरुस्त करावा, असे आम्हाला वाटते.

त्या दुरुस्तीचा एक प्रयत्न म्हणजे हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. त्याचा करार १९९८ मध्ये रोम येथे झाला आणि १ जुलै २००२ पासून तो अमलात आला. एखादा देश स्वतः न्याय करायला तयार नसेल किंवा समर्थ नसेल, तेव्हाच हे न्यायालय पुढे येते. अमेरिका, रशिया, चीन आणि आपला भारतही त्याचे सदस्य नाहीत. २०२३ मध्ये या न्यायालयाने युक्रेनच्या प्रकरणी रशियाच्या अध्यक्षांविरुद्ध वॉरंट काढले, तेव्हा अमेरिकेने त्याचे स्वागत केले. २०२४ मध्ये गाझाच्या प्रकरणी इस्राएलच्या पंतप्रधानांविरुद्ध आणि हमासच्या एका नेत्याविरुद्धही वॉरंट निघाले, तेव्हा त्याच अमेरिकेने न्यायालयाचा निषेध केला आणि २०२५ मध्ये त्याच्या काही न्यायाधीशांवर निर्बंध लादले. आमोसचे श्रोते आजही तसेच आहेत. शत्रूचे नाव निघाले की माना डोलतात, मित्राचे निघाले की उठून जातात.

आपल्या देशातही एक उणीव आहे. वंशसंहाराविरुद्धचा १९४८ चा जागतिक करार भारताने १९५९ मध्ये स्वीकारला, पण त्यासाठी देशात वेगळा कायदा केला नाही. १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडातील एका नेत्याला शिक्षा देताना दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ही उणीव स्पष्टपणे दाखवून दिली. त्या वेळी न्यायालयाने मुंबई, गुजरात, कंधमाल आणि मुझफ्फरनगर ही नावे एकाच ओळीत ठेवली. शीख, मुसलमान, ख्रिस्ती यांना एकाच मापाने मोजण्याचे धाडस एका न्यायालयाने केले. आम्ही ते आमच्या प्रार्थनेत केलेले नव्हते.

आणि कंधमाल?

कंधमालचे दुःख आपले आहेच. तेथे ऑगस्ट २००८ मध्ये हजारो घरे व शेकडो चर्चेस जळाली आणि माणसे मारली गेली. कटक-भुवनेश्वरचे महागुरू राफाएल चिनाथ सर्वोच्च न्यायालयात गेले. २ ऑगस्ट २०१६ रोजी न्यायालयाने भरपाई वाढवली आणि पोलिसांनी बंद केलेल्या ३१५ प्रकरणांचा फेरविचार करण्यास सांगितले. त्याच महिन्यात महागुरू देवाघरी गेले. पण त्या हिंसाचारापूर्वी स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती आणि त्यांच्याबरोबरच्या चौघांचा खून झाला होता, हेही आपल्या आठवणीत असले पाहिजे. त्यांचे विचार आपल्याला मान्य असोत वा नसोत, त्यांचे रक्तही हाबेलच्या रक्तासारखे जमिनीतून हाक मारते.

क्षमा आणि न्याय

‘‘आपण ख्रिस्ती लोक क्षमा करणारे. मग खटल्यांची भाषा कशाला?’’ असा एक आक्षेप घेतला जातो. पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर १९८१ मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या. १९८३ मध्ये ते तुरुंगात जाऊन त्या माणसाला भेटले. त्याला त्यांनी आधीच क्षमा केली होती. तरी तो तुरुंगातच राहिला. क्षमा करण्याचा अधिकार ज्याला जखम झाली त्याचा. दुसऱ्याच्या जखमेची क्षमा आपण परस्पर वाटू लागलो, तर ती क्षमा होत नाही. ती आपली सोय होते. पापनिवेदनातही आधी पापाचे नाव घ्यावे लागते, मगच पापमुक्ती मिळते. ज्या अपराधाचे समाजाने नावही घेतले नाही, त्याची क्षमा तरी कशी करायची?

आपण काय करावे?

हेगचे न्यायालय चालवणे आपल्या हाती नाही. पण आपल्या पिशवीतली वजने तपासणे आपल्या हाती आहे. घरी, रेल्वेच्या डब्यात, मोबाइलवर एखाद्या हत्याकांडाची बातमी आली की मेलेल्यांची जात-धर्म पाहण्याआधी आपण क्षणभर थांबावे. ‘त्यांनी सुरुवात केली होती’ हे वाक्य ओठांवर येईल तेव्हा त्या ४५ अनोळखी मृतांची आठवण करावी. आणि मुलांना सांगताना केवळ आपल्या जखमांचा इतिहास सांगू नये.

येत्या कंधमाल रविवारी श्रद्धावंतांची प्रार्थना आम्ही थोडी बदलली आहे. कंधमालच्या बांधवांबरोबर, स्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर, मुंबईच्या दंगलीत आणि स्फोटांत मेलेल्या आणि अजूनही न सापडलेल्या सर्वांसाठी ती असेल. ती प्रार्थना वाचण्याची विनंती आम्ही त्या भगिनीलाच केली. तिने होकार दिला आहे. फक्त तिची एकच अट आहे. शेजारच्या त्या चौघांची नावे तिला अजून पाठ आहेत, ती तिला मोठ्याने घेऊ द्यावीत.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आमोसचे पहिले दोन अध्याय वाचा. कोणत्या राष्ट्राचे नाव ऐकताना इस्राएली लोक अस्वस्थ झाले असतील? आपल्याला कोणते नाव अस्वस्थ करते?

२. ज्यांच्या दुःखाविषयी आपल्या घरात कधीच बोलले जात नाही, असा एखादा समाज आहे का? का बोलले जात नाही?

३. क्षमा आणि न्याय यांत आपण कधी गल्लत केली आहे का?