टसरचा धागा आणि विजेची वाट

1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. धान, तलाव आणि वने ही या जिल्ह्याची ओळख होय. येथील वनांतील ऐन व अर्जुन वृक्षांवर टसर रेशमाच्या अळ्या वाढविण्याचा व्यवसाय ढीवर समाजातील कुटुंबे मासेमारीबरोबरच पूर्वापार करीत आली आहेत. पाखरे व मुंग्यांपासून अळ्यांची राखण करणे हे अत्यंत कष्टाचे काम असते. या कष्टातून मिळणारे सूत आजवर वस्त्रासाठीच ओळखले गेले. आता मात्र जगभर धाग्याकडून आणखी एका कामाची अपेक्षा केली जात आहे. ते काम म्हणजे वीज वाहून नेणे. हृदयाचे ठोके टिपणारा सदरा किंवा ऊब देणारा हातमोजा अशा धाग्यांवरच चालतो. हा धागा कसा तयार होतो आणि टसरला त्यात स्थान मिळू शकेल काय, हे जाणून घेणे उद्‌बोधक ठरेल.

गाभा रेशमाचा, वेढा धातूचा

रेशीम स्वतः वीजरोधक आहे. एकोणिसाव्या शतकात विद्युत्‌चुंबकाच्या तारांवर रेशमाचे आवरण चढविले जात असे, ते याच गुणामुळे. म्हणून धाग्याला वाहक करण्यासाठी धातूची जोड आवश्यक ठरते. ही जोड देण्याच्या तीन प्रमुख पद्धती आहेत. पहिलीत धातूची चपटी, बारीक पट्टी धाग्याभोवती गुंडाळतात. दुसरीत पोलादाचे अतिसूक्ष्म तंतू कापूस वा पॉलिएस्टरबरोबर कातले जातात. तिसरीत नायलॉनच्या धाग्यावर चांदीचा पातळ मुलामा चढवितात.

यांतील पहिली पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. पैठणीची जर याच रीतीने बनते. 1997 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील रेहमी पोस्ट व मॅगी ऑर्थ यांनी वस्त्रावरील विद्युत्‌मंडलाचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत तांब्याच्या पातळ पट्टीने वेढलेल्या रेशमी धाग्याचे कापड वापरले होते. मात्र चकाकणारी प्रत्येक जर वीज वाहतेच असे नाही. प्लॅस्टिकच्या जरीतील धातूचा थर अतिशय पातळ असून तो बहुधा लाखेसारख्या लेपाखाली झाकलेला असतो.

रोधाचे गणित

धाग्याची योग्यता त्याच्या रोधावरून ठरते. समजा, एक मीटर धाग्याचा रोध 10 ओहम आहे आणि त्यातून लहान दिव्यासाठी 20 मिलिअँपिअर प्रवाह न्यावयाचा आहे. तेव्हा धाग्यात 0.2 व्होल्ट इतकाच दाब खर्च होईल. हाच रोध 100 ओहम असल्यास 2 व्होल्ट खर्च होतील. मग 3 व्होल्टच्या घटातून दिव्यासाठी केवळ 1 व्होल्ट उरेल व दिवा उजळणार नाही. ऊब देण्यासाठी मात्र रोधच उपयोगी पडतो. 10 ओहमच्या धाग्यातून अर्धा अँपिअर प्रवाह गेल्यास अडीच वॅट उष्णता निर्माण होते.

खरी कसोटी धुण्यात असते. घाम, घर्षण व पिळणे यांमुळे मुलामा झिजतो, तांब्यावर हिरवट गंज चढतो आणि रोध वाढतो. म्हणून ठरावीक लांबीच्या धाग्याचा रोध धुण्यापूर्वी व प्रत्येक धुण्यानंतर मोजून नोंदविला पाहिजे. कापडाला घडी पडून दोन वाहक धागे एकमेकांस टेकू नयेत, यासाठी त्यांच्यामध्ये साधे धागे विणावे लागतात. उपकरण जोडण्यासाठी टिचबटणे सोयीची ठरतात, कारण डाग देताना नायलॉन वितळते.

टसरपुढील प्रश्न

टसरचे सूत बळकट आहे. परंतु मांडीवर वळलेले सूत एकसारख्या जाडीचे नसते. अशा सुतावर धातूचा वेढा कोठे सैल, तर कोठे घट्ट बसेल आणि सैल जागी तो तुटण्याचा संभव राहील. एकसारखे सूत काढण्यासाठी कोष नीट मऊ करणे, सारख्या संख्येने तंतू एकत्र घेणे व यंत्रावर पीळ देणे आवश्यक आहे. हे कौशल्य वाहक धाग्यासाठी हवे आहेच. परंतु तो उद्योग येथे येवो वा न येवो, उत्तम साडीलाही तेच सूत लागते. कोष विकण्याऐवजी एकसारखे सूत विकता आले, तर ऐनाच्या झाडाखाली राखण करणाऱ्या कुटुंबाच्या श्रमाचे मोल त्याच्याच गावात वाढेल. विजेच्या धाग्याचा गोंदियाला हाच पहिला धडा म्हणता येईल.