बंदूक घ्याल तर आधी नळ्या मोजा

जुनी इंग्लिश दुनळी विकत घ्यायला निघालेल्या माणसाची नजर पहिल्यांदा जाते ती लॉकच्या पट्टीवर कोरलेल्या नावावर. पर्डी, बॉस, हॉलंड अँड हॉलंड. या नावांचा दरारा एवढा मोठा की पुढची तपासणी करणे म्हणजे थोरांवर संशय घेणे वाटावे. मी बर्मिंगहॅमजवळ राहतो, सुट्टीच्या दिवशी मातीच्या तबकड्यांवर बार काढतो. अशाच एका लंडनी बंदुकीच्या सौद्यात मला जे कळले, ते बंदूक घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला आधी कळावे असे मनापासून वाटते.

बंदूक पहिल्या महायुद्धाआधीची, बारा बोअरची, साइडलॉक, म्हणजे बार उडवणारे यंत्र बाजूच्या पट्टीवर बसवलेली. अक्रोडाचा दस्ता मधासारख्या रंगाचा, नक्षी झिजून मऊ झालेली, हातात घेतली की खांद्याकडे आपोआप यावी अशी. किंमतही आवाक्यातली. मी इसार दिला तो लेखी अटीवर: माझ्या ओळखीचा गनस्मिथ नळ्या मोजेल आणि त्या प्रूफमध्ये बसल्या तरच व्यवहार पक्का.

प्रूफ ही इथली जुनी व्यवस्था. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला 1637 साली सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस 1813 चे. नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस उडवून नळी तपासायची आणि टिकली तर तिच्यावर छाप ठोकायचा. नळीचा आतला व्यास छापलेल्या मापापेक्षा दहा ‘थाऊ’ने (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढला की ती प्रूफबाहेर गेली. अशी बंदूक विकणे गुन्हा आहे.

या बंदुकीचे पन्नासच्या दशकानंतर पुन्हा प्रूफ झाले होते आणि छापलेले माप होते .729 इंच. गनस्मिथच्या गेजवर डावी नळी भरली .741. त्याहून वाईट म्हणजे एका जागी नळीची भिंत जेमतेम 16 थाऊ उरली होती. वीसच्या खालची नळी जाणकार गनस्मिथ सहसा सुचवत नाही. विक्रेता म्हणाला, “अहो, इतकी वर्षं चालतेच आहे की!” चालतही असेल. पण त्या पातळ जागेवर बार काढताना माझा डावा हात असतो. अट लेखी होती म्हणून इसार परत मिळाला, तोही बराच पाठपुरावा केल्यावर.

नळी अशी पातळ होते तरी कशी? जुन्या काडतुसांच्या टोप्यांतून उरणारा क्षार आत गंज धरायचा आणि त्याचे खड्डे पडायचे. ते घालवायला नळी आतून घासून पुन्हा आरशासारखी करतात. बाहेरचा पोचा काढला, नवी काळी झिलई चढवली, की बाहेरूनही थोडा पोलादाचा थर जातो. शंभर वर्षांत हे चार-पाच मालकांनी केले असेल तर बंदूक दिसायला देखणी राहते आणि आतून संपत येते. चकचकीत नळी बघून खूश होऊ नका, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

त्यानंतर मी घेतली ती स्पॅनिश. बास्क प्रदेशातले एइबार हे डोंगरांच्या घळीत वसलेले गाव शतकानुशतके शस्त्रे घडवत आले आहे. 1937 मध्ये यादवी युद्धात बॉम्बफेकीने त्याची राखरांगोळी झाली, तरी ते उभे राहिले आणि पुन्हा बंदुका करू लागले. तिथल्या ‘आया’, म्हणजे अगिरे इ अरान्सबाल, या कारखान्याकडे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडचे किंग बंधू गेले आणि इंग्रजांना रुचेल अशा घडणीच्या बंदुका त्यांनी करवून घेतल्या. आयाची ‘नंबर दोन’ हॉलंडच्या साइडलॉकवर बेतलेली आहे. ‘नंबर चार’ ही बॉक्सलॉक, म्हणजे यंत्र बंदुकीच्या पोटात बसवलेली, आणि ती रचना तर खुद्द बर्मिंगहॅमची: वेस्टली रिचर्ड्स कंपनीच्या अॅन्सन आणि डीली यांनी 1875 मध्ये काढलेली. नक्कल म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की ज्याची नक्कल झाली ते यंत्र दीडशे वर्षांत फारसे कोणी सुधारू शकलेले नाही.

मग लंडनची नवी बंदूक लाख पौंडांच्या वर आणि स्पॅनिश साधारण तिच्या दहाव्या हिश्शात, हा फरक निव्वळ नावाचा का? नाही. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावर मी हे ठामपणे सांगू शकतो. लंडनच्या उत्तम बंदुकीत नळ्या करणारा, अॅक्शन घडवणारा, दस्ता बसवणारा, नक्षी काढणारा असे वेगवेगळे कारागीर असतात आणि प्रत्येकाची कानस कुठे थांबली ते दिसते. लाकूड आणि पोलाद जिथे भेटतात तिथे नख अडकत नाही. लॉक उघडले तर जे भाग कोणी कधी पाहणार नाही तेही घासून-पुसून लख्ख केलेले असतात. नळ्या मागे जाड आणि पुढे अशा बेताने निमुळत्या होत जातात की वजन दोन हातांच्या मधोमध राहते आणि बंदूक फिरवताना जिवंत वाटते. मधल्या किमतीची एइबारची बंदूक इथे कमी पडते: नळ्या पुढे किंचित जड, नक्षी उथळ, आतले भाग कामापुरते साफ. पण हॉलंड पद्धतीच्या साइडलॉकमध्ये धक्क्याने बार उडू नये म्हणून घोड्याला अडवणारी जी दुसरी अटक असते, ती तिच्यातही आहे. नळ्या भरभक्कम आहेत. स्ट्रायकर तुटला तर नवा मिळतो आणि तो बदलणे मोठे काम नाही. आमच्यासारख्या बेताच्या उंचीच्या माणसाला हवा तसा आखूड दस्ता मापाने करून मिळतो, हेही थोडे नाही.

अर्थात स्पॅनिश म्हणजे सगळेच सोने नव्हे. साठ-सत्तरच्या दशकांत एइबारमधून स्वस्त बंदुकाही भरपूर बाहेर पडल्या. त्यांचे आतले पोलाद मऊ, स्प्रिंगा लवकर थकतात. ऐंशीच्या दशकात तिथले बरेच कारखाने एकत्र करण्याचा प्रयोग फसला आणि आया 1988 मध्ये नव्याने उभी राहिली. म्हणून जुनी स्पॅनिश घेताना नळीवरचे प्रूफच्या वर्षाचे सांकेतिक अक्षर वाचून घ्या. आरिएता, गार्बी, ग्रुया, पेद्रो आरिसाबालागा या घराण्यांच्या चांगल्या बंदुका हाताळल्यात तर इंग्लिश-स्पॅनिश हा वाद बराच निवळेल.

तिसरा रस्ता कोणी फारसा सांगत नाही: बर्मिंगहॅमची साधी बॉक्सलॉक. वेब्ली अँड स्कॉटच्या 700 मालिकेतली बंदूक 1979 पर्यंत होत होती. मिरवायला काही नाही, पण भिंत जाड असेल तर किमतीच्या मानाने तिच्याइतकी प्रामाणिक इंग्लिश बंदूक मिळणे कठीण.

पाहताना नळ्या अॅक्शनपासून वेगळ्या करा, खालच्या कानाला धरून लोंबत्या ठेवा आणि बोटाच्या पेराने टकटक करा. आवाज स्वच्छ घुमला तर वरच्या-खालच्या पट्ट्यांचे झाळकाम शाबूत. भद्द वाजला तर कुठेतरी सुटले आहे. पुढचे लाकूड काढून नळ्या हलवून बघा, बिजागरीत खेळ लागता कामा नये. दस्त्याचे डोके तेल पिऊन काळे पडले आहे का, लॉकमागे चीर आहे का, ते पाहा. चेंबरची, म्हणजे काडतूस बसते त्या भागाची, लांबी तर तपासाच. जुन्या इंग्लिश बंदुकांचे चेंबर बहुतेक अडीच इंची असतात आणि त्यांत पावणेतीन इंची काडतूस बसते, पण उडाल्यावर उघडायला त्याला जागा पुरत नाही. इंग्लंडमध्ये शिशाच्या छऱ्यांचे दिवस भरत आले आहेत. जुन्या पातळ नळ्यांना पोलादी छर्रे मानवत नाहीत, बिस्मथ चालते पण महाग पडते. जुन्या बंदुकीची खरी किंमत धरताना हा खर्चही धरायला हवा.

महाराष्ट्रात स्पॅनिश बंदुकीचा प्रश्न सहसा येत नाही, कारण ऐंशीच्या दशकापासून आयात बंद आहे. तिथे अनेक घरांत उरल्या त्या आजोबा-पणजोबांच्या इंग्लिश दुनळ्या. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येऊ लागली, तेव्हा कोणती ठेवायची हे ठरवताना अनेकांनी लंडनचे नाव ठेवले आणि बिनानावाची जमा केली. तुमच्याकडे अजून दोन असतील आणि त्यांतली एखादी तुम्ही वापरत असाल, तर खडकीच्या कारखान्याचे काडतूस भरण्याआधी डब्यावरची लांबी चेंबरशी ताडून पाहा. नळीवर वेटोळी नक्षी दिसली तर ती दमास्कस. जाणकाराने तपासल्याशिवाय तिच्यातून बार काढू नका. जाडी मोजायला साधा व्हर्निअर कामाचा नाही, तो फक्त तोंडाची जाडी सांगतो. पातळ जागा बहुधा नळीच्या मध्यावर, डावा हात असतो तिथेच सापडते, आणि तिथे पोहोचणारे लांब गेज ज्याच्याकडे आहे असा परवानाधारक कारागीर शोधावा लागतो. त्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यात जावे लागले तरी जा, नेण्याची रीतसर परवानगी काढून.