जुने विमान, नवे उड्डाण

प्रश्न : बाल्सा लाकडाचे जुने रेडिओ-नियंत्रित विमान विकत घेतले आहे. बॅटरी चार्ज करून लगेच उडवावे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : लगेच नको. पहिला धोका आतल्या बॅटरीचा. निकेल-कॅडमियम बॅटरी वर्षानुवर्षे पडून राहिली, की तिची ऋण वायर आतून काळी पडू शकते. अशी वायर जमिनीवर चालते आणि हवेत दगा देते. बॅटरी, स्विच आणि वायर तिन्ही बदलावीत.

७२ मेगाहर्ट्‌झचा जुना रेडिओही बदललेला बरा. त्यात दुसऱ्या कुणी त्याच चॅनेलवर ट्रान्समीटर सुरू केला, तर विमान कोसळू शकते. २.४ गिगाहर्ट्‌झचे संच ही अडचण टाळतात.

मग सांगाडा. शेपटीच्या आणि पंखांच्या हलत्या पट्ट्या हलकेच ओढून बिजागऱ्या तपासाव्यात. इंजिनमागचे लाकूड तेलाने मऊ झाले असेल, तर तेवढा भाग नवा बसवावा. लाकडावर चढवलेली प्लास्टिक फिल्म सैल पडली असेल, तर ती इस्त्रीने पुन्हा ताणली जाते.

शेवटी तोल. साध्या ट्रेनर विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर हवा. शेपटी जड झाली, की विमान सावरत नाही.

पहिले उड्डाण अनुभवी हातांकडे सोपवावे आणि मैदानावर उड्डाणाला परवानगी आहे का, हे ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या हवाई क्षेत्राच्या नकाशावर आधी तपासून घ्यावे.