जनसंपर्क व जाहिरात : पीएच.डी. कोठे करावी?

जनसंपर्क व जाहिरात या विषयात पीएच.डी. करावयाची म्हटली की 'नावाजलेले विद्यापीठ कोणते?' हा प्रश्न आपण प्रथम विचारतो. वस्तुतः तो शेवटी विचारावा. ही पदवी हवी कशाला आणि आपल्याला शोधावयाचे काय आहे, हे प्रश्न त्याच्या आधीचे आहेत.

जाहिरात संस्थेत मजकूर लिहिण्यासाठी अगर एखाद्या कंपनीत जनसंपर्क अधिकारी होण्यासाठी पीएच.डी. लागत नाही, पदविका किंवा एम.ए. पुरते. एम.ए. नंतर सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठीही नेट किंवा सेट पुरेशी आहे. ज्याला अध्यापनात पुढे जावयाचे आहे आणि एखादा प्रश्न ज्याला स्वस्थ बसू देत नाही, त्यानेच या वाटेला जावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे यासाठी किमान ३ वर्षे लागतात आणि साधारण मुदत ६ वर्षांपर्यंत आहे. ज्या घरात मुलाच्या पहिल्या पगाराची वाट पाहिली जाते, तेथे हा काळ थोडा नव्हे.

प्रश्न कसा असावा? अमेरिकन अभ्यासक जेम्स ग्रुनिग व टॉड हंट यांनी १९८४ मध्ये जनसंपर्काचे चार नमुने मांडले. पहिल्यात नुसता गाजावाजा असतो. दुसऱ्यात खरी माहिती दिली जाते, पण एकाच बाजूने. तिसऱ्यात लोकांचे मन जाणून घेतात, ते त्यांना आपल्याकडे वळवण्यासाठी. चौथ्यात संस्था व लोक एकमेकांचे ऐकतात आणि दोघेही बदलतात. आता एखादा सहकारी साखर कारखाना घ्या. तो वार्षिक अहवाल काढतो, सर्वसाधारण सभा भरवतो. पण तो ऊस-उत्पादक सभासदांना नुसते सांगतो, की त्यांचे ऐकतोही? संशोधनाचा विषय असा आपल्या शिवारातही सापडतो.

विषय ठरला की विद्याशाखा पाहावी. केवळ 'जनसंपर्क व जाहिरात' या नावाची पीएच.डी. आपल्याकडे सहसा नसते. ती पत्रकारिता व जनसंज्ञापन विभागात होते, किंवा वाणिज्य व व्यवस्थापन शाखेत विपणनाच्या अंगाने होते. पुढे पत्रकारिता विभागात शिकवावयाचे असेल, तर विपणनातील पदवी 'संबंधित विषय' या अटीपाशी अडू शकते. हे प्रवेशापूर्वीच तपासावे.

त्यानंतर मार्गदर्शक. वरील नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ व सहायक प्राध्यापकाला ४ संशोधक विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी काळ उरला असेल, तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून मार्गदर्शकाकडे जागा आहे का, हे आधी विचारावे. त्यांच्या पूर्वीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर असल्यास जरूर वाचावेत. ते विनामूल्य वाचता येतात. माहितीपत्रकापेक्षा प्रबंध अधिक खरे बोलतो.

पैशाचा विचार करण्यात कमीपणा नाही. नेटमधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये मिळतात. आपल्या राज्यात बार्टी, सारथी व महाज्योती या संस्थांच्याही अधिछात्रवृत्ती आहेत. त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

संस्थेचे नाव यानंतर पाहावे. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. तिची जाहिरात व जनसंपर्क या विषयाची पदव्युत्तर पदविका प्रसिद्ध आहे. २०२४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अहमदाबादची 'मायका' १९९१ पासून याच क्षेत्रात आहे. दोन्ही नावे मोठी. परंतु साखर कारखान्याच्या सभासदावर प्रबंध लिहावयाचा, तर त्या विषयात रस असलेला मार्गदर्शक तेथे आहे का, हेच महत्त्वाचे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे आपण पहिलेच. घरी हे विचारावे असे कोणी नसते आणि प्राध्यापकांना विचारण्याचा संकोच वाटतो. तो संकोच सोडावा. चुकीच्या दाराशी गेलेली तीन-चार वर्षे परत मिळत नाहीत; विचारलेल्या प्रश्नाला मात्र काही खर्च येत नाही.