आठ इंचांची मोटार

१९६५ सालची पाँटियाक जीटीओ ही अमेरिकेतली गाजलेली मोटार. इंजिन दांडगे, आठ सिलिंडरांचे. लांबी सुमारे १७ फूट. तिचा छोटा नमुना लोक घरी जोडतात. खऱ्या गाडीचे २५ इंच, तिथे नमुन्यात १ इंच. म्हणजे सारी गाडी आठ इंचांची!

खोक्यात प्लॅस्टिकचे सुटे भाग असतात. आधी रंग द्या, मग जोडा. रंग पातळच हवा. बंपरवर चकचकीत मुलामा असतो. त्यावर डिंक धरत नाही. जोडाच्या जागी मुलामा खरवडून काढा.

काचेला मात्र जपा हं! प्लॅस्टिकचा डिंक प्लॅस्टिक विरघळवूनच सांधतो. एक थेंब सांडला, की काच आंधळी झाली. पुसून काही उपयोग नाही. काचेला लाकूडकामाचा पांढरा डिंक लावावा. वाळला, की तो दिसतसुद्धा नाही.