दाव्यातला 'च'

कण्याला संगणकाच्या नियंत्रणाखाली ताण देणारे उपकरण घेऊ. कमरेचा पट्टा, तो ओढणारी मोटर, ओढ मोजणारा संवेदक आणि त्या मापानुसार मोटर आवरणारा संगणक. पेटंट-अर्जात शेवटी 'दावे' येतात. रूढीने प्रत्येक दावा एकाच वाक्याचा. परीक्षक ते वाक्य शब्दशः तपासतो.

'हे चार भाग असलेले उपकरण' लिहिले, तर प्रतिस्पर्ध्याने पाचवा भाग जोडला तरी तो दाव्याच्या कक्षेत राहतो. 'या चारच भागांचे' म्हटले, की तो निसटतो. व्याकरणात 'च'ला शुद्ध शब्दयोगी म्हणून आपण पुढे जातो. इथे हक्काची सीमा त्याच्यावर ठरते. मात्र सैल दावा जुन्या उपकरणालाही कवेत घेतो आणि नावीन्याच्या कसोटीवर पडतो. मोटरने ताण देणे जुनेच. म्हणून सारा भार 'मापानुसार' या शब्दावर.

१९७० च्या भारतीय पेटंट कायद्याचे कलम ३ उपचारपद्धतीला पेटंट देत नाही, निव्वळ संगणक-प्रणालीलाही नाही. म्हणून 'ताण देण्याची पद्धत' नव्हे, 'ताण देणारे उपकरण'.

अर्ज हिंदी किंवा इंग्रजीतच चालतो. तरी हा दावा मराठीत लिहिण्याचा स्वाध्याय मी वर्गात देतो. पहिला मसुदा बहुधा चार वाक्यांचा येतो.